भाव नको, नियम सांगा

मा. केंद्रीय पेट्रोलियम मंत्री यांस,
सा. न. वि. वि.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टॉवेलचे माग आहेत. थोडे पैसे शेअरमध्येही आहेत. सोलापूरकर चादरीबाहेर पैसा लावत नाही हा समज आता जुना झाला. दिवाळीच्या मालाचा भाव मी श्रावणातच कबूल करून बसतो. ट्रकभाडं, रंग-रसायनं महागलेली असली तर भाव तसा सांगता येतो. पण पुढं काय होणार तेच उमजेना झालं की नवा माग घ्यायचं लांबणीवर पडतं. मोठ्या कंपन्याही असंच करतात आणि शेअर बाजार ते आधीच हेरतो.

म्हणून ‘तेल चढलं की शेअर पडतात’ हे गणित अर्धंच खरं. २००३ ते २००७ जगभर मागणी होती, तेव्हा तेल आणि सेन्सेक्स जोडीनं चढले. उलट ९ मार्च २०२० ला, ऐन होळीत, सौदी-रशियाच्या भांडणात ब्रेंट, म्हणजे ज्याच्यावरून जगात भाव धरतात ते कच्चं तेल, २४ टक्के उतरलं. गरजेचं बहुतेक तेल बाहेरून आणणाऱ्या देशानं खरं तर पेढे वाटायचे! सेन्सेक्स १,९४१ अंकांनी कोसळला. कोरोनाची धास्ती होतीच. दोन वर्षांनी, ७ मार्चला, युक्रेन युद्धानं ब्रेंट १३९ डॉलरला भिडलं. सेन्सेक्स तेव्हाही १,४९१ अंकांनी पडला.

युद्ध तुमच्या हातात नाही, मान्य. पण ४ ऑक्टोबर २०१८ ला सरकारनं तेल कंपन्यांना लिटरमागे एक रुपया सोसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका कंपनीचा शेअर पाव हिश्शानं उतरला. एका रुपयानं एवढं होत नाही. उद्या दोन म्हणतील का, या भीतीनं होतं. मे २०२० मध्ये डिझेलवरचं शुल्क एका रात्रीत १३ रुपयांनी वाढलं. जुलै २०२२ मध्ये आलेला विंडफॉल कर, म्हणजे तेल कंपन्यांच्या अवचित नफ्यावरचा कर, दर पंधरवड्याला बदलत राहिला, तो डिसेंबर २०२४ मध्ये गेला.

कच्चं तेल किती डॉलरला गेलं की शुल्क किती, याचा तक्ता आधीच जाहीर करा आणि वर्षभर मोडू नका. आमच्या सोयीचा नसला तरी चालेल. शुल्क अर्थखात्याचं, असं म्हणाल. पण बैठक तर एकाच मंत्रिमंडळाची असते ना? तक्ता आला तर रखडलेला नवा माग मी यंदाच बसवीन.

आपला,
एक टॉवेल कारखानदार, सोलापूर