गुणांची यादी भिंतीवरून उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नीटचा किंवा बोर्डाचा निकाल लागला की आठवडाभरात आपल्या पानांवर एक चौकट हमखास दिसते: कमी गुण मिळाल्याने विद्यार्थ्याची आत्महत्या. लातुरात मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. हे वाक्य वाचलं की दर वेळी वाटतं, एवढं सोपं कारण नसतं. कमी गुण हजारो मुलांना पडतात. बहुतेक जण चार दिवस रडतात, गावी जाऊन येतात आणि पुन्हा पुस्तक उघडतात. ज्याला ते जमत नाही, त्याच्या मनात निकालाच्या आधीपासून काय चाललेलं असतं, त्याबद्दल हे पत्र.

नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची सोळा-सतरा वर्षांची पोरं नीटच्या कोचिंग क्लासेससाठी इथं येतात. प्रत्येक जण आपल्या शाळेत पहिला आलेला. दोन-तीन टेस्ट झाल्या की बॅच पडतात, गुणांची यादी भिंतीवर लागते आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही जाते. वरच्या बॅचमधून खाली उतरवलेल्या मुलाची खोली तीच राहते, पण अभ्यासाला सोबत बसणारी पोरं बदलतात. ड्रॉप घेतलेला, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षेला बसणारा मुलगा तर वर्षभर ‘रिपीटर’ म्हणूनच ओळखला जातो. अशी मुलं मला मेसमध्ये कळायची. सगळ्यांचं उरकल्यावर, भाजी गार झाल्यावर एकटीच येऊन जेवायची, कारण गर्दीत आलं की कुणीतरी “किती पडले रे?” विचारणारच. दिवाळीलाही घरी जायला नको म्हणायची. तिथं मामा आणि आत्या तेच विचारणार.

वगळलं जाण्याचं दुःख हा काही नाजूक मुलांचा हळवेपणा नाही. २००३ साली अमेरिकेत नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर तिघांनी चेंडू एकमेकांकडे टाकायचा, इतकाच खेळ. थोड्या वेळाने बाकीचे दोघे तिसऱ्याकडे चेंडू टाकायचेच थांबत. खेळ क्षुल्लक, समोरचे अनोळखी, तरीही त्या तिसऱ्याच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी संबंध असलेले भाग जागे झालेले दिसले. मग ज्यांच्या शेजारी रोज झोपायचं त्यांनी वगळलं, तर काय होत असेल?

पण माझ्या मते खरा धोका पुढे आहे. बाहेरचे लोक बोलून विसरून जातात. मुलगा मात्र तेच बोल उचलतो आणि स्वतःला ऐकवत राहतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एकात माणूस स्वतःला सुधारण्यासाठी रागावतो: आज वेळ घालवला, उद्या फिजिक्स पुरं करायचं. दुसऱ्यात त्याला स्वतःचा तिरस्कार वाटतो आणि स्वतःला शिक्षा व्हावी असं वाटतं: माझी लायकीच नाही, मी असाच आहे. मोठ्यांना हे दोन्ही सारखेच वाटतात. “पोरगं स्वतःच स्वतःवर कडक आहे” म्हणून आपण कौतुकही करतो. दुसऱ्या प्रकारात अडकलेला मुलगा मदत मागत नाही, कारण आपण मदतीच्या लायकीचे आहोत असंच त्याला वाटत नाही. यादीत वर असलेली मुलंही यात सापडतात आणि ती जास्त सफाईने लपवतात.

अनेकांच्या टेबलासमोर चिठ्ठी असते, ‘बापाचा घाम आठव’. सुरुवातीला ती पोराला पहाटे उठवते. टेस्टमागून टेस्ट पडत गेली की तीच चिठ्ठी त्याला सांगू लागते की फी, मेस, खोलीभाडं, सगळं तुझ्यापायी वाया गेलं. थॉमस जॉइनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलं, की आपण कुणाचेच नाही ही भावना आणि आपण इतरांना ओझं झालो आहोत ही समजूत एकत्र आल्या की जगणं नकोसं होण्याचा धोका वाढतो. ओझ्याची ही समजूत साफ खोटी असते. निकालानंतर पोराला न्यायला आलेले बाप मी पाहिले आहेत. पैशांचा हिशेब एकानेही काढला नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. कोचिंग क्लासेसनी शक्यतो गुणांवरून बॅच पाडू नयेत, मुलांना चारचौघांत लाजवू नये, हे त्यात स्पष्ट आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक हवा, हेही आहे. प्रत्येक पालकाने फी भरण्याआधी या गोष्टी विचाराव्यात. भिंतीवरची यादी उतरवायला तर एक रुपयाही लागत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतले मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी काहींना वर्षातून काही वेळा दोन-चार ओळींची पत्रं पाठवली. त्यात उपदेश नव्हता, फक्त तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर लिहा, इतकंच. पहिल्या दोन वर्षांत पत्र मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी राहिलं. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, तरी मला यात मोठा अर्थ दिसतो. घरून येणाऱ्या फोनमध्ये गुणांचा विषय न काढता “जेवलास का?” विचारणं याच जातीचं आहे. आणि काळजी वाटली तर सरळ विचारावं, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं.

आपल्याला विनंती अशी. भारतीय प्रेस परिषदेने आत्महत्येच्या बातम्यांबद्दल २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. त्यांना धरून अशा बातमीत पद्धतीचं वर्णन नसावं. एकच कारण मथळ्यात देऊ नये, हीही माझी विनंती. निकालाच्या दिवशी गुणवंतांच्या फोटोंशेजारी, दुसऱ्यांदा बसलेल्या किंवा वेगळी वाट धरून स्थिरावलेल्या मुलांच्या मुलाखती छापाव्यात. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पहिल्या पानावर ठळक द्यावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.

आपला,
एक निवृत्त वसतिगृह अधीक्षक,
लातूर