स्वतः लिहून स्वतःच पिक्चर काढणाऱ्यांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागले की तुमच्या पुरवणीत करिअरची पानं सुरू होतात, यंदा त्यातलं एक अख्खं पान सिनेमाला दिलंत ते बरं केलंत. ॲक्टिंग, एडिटिंग, साउंड, व्हीएफएक्स, सगळ्या कोर्सची माहिती आली, फीसुद्धा आली. पण स्वतः गोष्ट लिहायची आणि स्वतःच पैसे उभे करून पिक्चर काढायचा, हे आयुष्यभर करणाऱ्या माणसांबद्दल एक ओळ नाही. निर्माता म्हणजे हौशी बिल्डर आणि लेखक म्हणजे चहा पीत बसलेला दाढीवाला, एवढंच आपल्या डोक्यात असतं बहुतेक. माझ्या भाचीला नेमकं हेच करायचंय आणि तिची आई तुमचं पान घेऊन माझ्याकडे आली की यात कुठेच कसं नाही, म्हणून हे पत्र.

मी तिला दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचं नाव सांगितलं. पुण्याच्या, समाजकार्य शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या बाई, सिनेमाचं शिक्षण काहीच नाही. बायकांवर संशोधन करताना लक्षात आलं की ज्यांच्यावर रिपोर्ट लिहितोय त्यांनाच तो वाचता येणार नाही, मग कॅमेरा. १९८५ ला 'बाई' आली तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या, आणि त्या छोट्या फिल्मला नॅशनल अवॉर्ड मिळालं. पुढे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकरांबरोबर जवळपास ३५ वर्षं काम. कथा, पटकथा, संवाद बाईंचे, बऱ्याचदा कला दिग्दर्शन आणि कपडेपटसुद्धा त्यांचाच, गाणी सुनील लिहिणार, आणि 'विचित्र निर्मिती' ही संस्था घरचीच.

आता पैसा कुठून आला ते बघा, कारण करिअर म्हणाल तर ते तिथेच आहे. 'दोघी'ला एनएफडीसी (सरकारचं चित्रपट विकास महामंडळ) आणि दूरदर्शन. स्किझोफ्रेनियावरच्या 'देवराई'च्या मागे धुळ्याचा एक ट्रस्ट. नैराश्यावरच्या 'कासव'ला अभिनेते आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे स्वतः निर्माते म्हणून उभे राहिले, बरोबर हे दोघं. म्हणजे दरवेळी नवीन दार, आणि ते बहुतेक वेळा विषयामुळे उघडलेलं, ज्यांना तो विषय जिव्हाळ्याचा आहे अशा माणसांकडे जायचं. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात मला माहीत नाही, बाईंना ते समाजकार्यातून आलं असावं असा माझा अंदाज, लोकांच्या दारात जाऊन बोलायची सवय होती ना.

आणि जो लिहितो त्याच्याच हातात थैली असली की लिखाणही तसं होतं. 'कासव' बघा, कोकणातला समुद्र, एक घर, मोजकी माणसं, बाकी सगळं संवादात आणि गप्प बसण्यात. काटकसर आहे पण गरिबी दिसत नाही कुठे. (आणि याच बाईंनी 'अस्तु'मध्ये चक्क हत्ती घेतला! स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे प्रोफेसर हत्तीच्या मागे चालत जातात, ते हत्तीशिवाय होणारच नव्हतं, मग तिथे हात आखडता घेतला नाही. कुठे वाचवायचं आणि कुठे नाही हे कळणं म्हणजेच निर्माता असणं असं मला वाटतं.)

२०१७ च्या एप्रिलमध्ये 'कासव'ला सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नॅशनल अवॉर्ड, जाहीर झालं. श्यामची आई, श्वास, देऊळ, कोर्ट यांच्यानंतरचा पाचवा मराठी पिक्चर. सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर फोटो, तुमच्याही. पण त्या सुवर्णकमळाबरोबरची रक्कम तेव्हा निर्मात्याला अडीच लाख आणि दिग्दर्शकाला अडीच लाख अशी होती, त्यात पिक्चर निघत नाही, पोस्टर आणि चार शहरांतली जाहिरात निघेल फार तर. थेटरात तो आला ऑक्टोबरमध्ये. आमच्या गावात आलाच नाही, शेवटी घरी टीव्हीवर बघितला.

सरकारी अनुदान आहे की, असं माझे मेहुणे म्हणाले. आहे ना. मराठी पिक्चरला दर्जाप्रमाणे मिळतं, बरीच वर्षं अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख होते. पण ते पिक्चर पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, कमिटीने बघितल्यावर, तोवर उसनवारीचं व्याज चालूच. अनुदानाला नावं ठेवत नाही, त्याच्यामुळे कितीतरी जण दुसरा पिक्चर काढू शकले असतील, पण शूटिंगचं पहिलं शेड्यूल त्याच्या भरवशावर लावता येत नाही एवढं मुलांना आधीच सांगायला पाहिजे.

मल्टिप्लेक्सचं गणित तर कुणीच समजावून सांगत नाही. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं मोठं भांडण झालं, महिना-दोन महिने नवे मोठे पिक्चर लागले नाहीत, मग ठरलं की पहिल्या आठवड्यात निर्मात्याला तिकिटांच्या कमाईतले ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, मग साडेसदतीस, मग तीस. आता ज्या पिक्चरला स्टार नाही, जो एकाने बघून दुसऱ्याला सांगितल्यावर चालतो, त्याला गर्दी होणार तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे या हिशोबाने निर्मात्याचा वाटा घटल्यावर, आणि तोवर शो राहिला तर! २०१५ ला मल्टिप्लेक्समध्ये मराठी पिक्चरला प्राइम टाइम देण्यावरून केवढा गदारोळ झाला, शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ यात शो द्यायचे असं ठरलं, म्हणजे दुपारचा बाराचा शो पण चालतो. नोकरी करणारा माणूस मंगळवारी बाराला कसा जाणार?

भाचीला मी घाबरवलं नाही. स्क्रिप्ट आधी रायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर कर, गोव्यात एनएफडीसीचा फिल्म बाजार भरतो तिथे पटकथेची लॅब म्हणजे कार्यशाळा असते त्याचे नियम वाच, करारावर सही करायच्या आधी ओटीटी आणि सॅटेलाइटचे, म्हणजे टीव्हीचे, हक्क कुणाकडे जातायत ते बघ, आणि पगाराचं काहीतरी काम धरून ठेव, एवढं सांगितलं. 'पॅशन असेल तर सगळं होतं' असं मी म्हणणार नाही, ते यशस्वी झालेली माणसं मुलाखतीत म्हणतात.

सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ ला गेल्या आणि 'दिठी' महिन्याभराने सोनी लिव्हवर आला. तेव्हा तुम्ही चांगला लेख छापला होतात, पण त्यात त्या दिग्दर्शिका म्हणूनच होत्या, पैसे कसे जमवले, हिशोब कसा ठेवला यावर काही नव्हतं.

तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत एखाद्या छोट्या मराठी पिक्चरच्या निर्मात्याला बसवून खर्चाचा कागदच छापा, नाव नको असेल तर नाव न घालता. शूटिंगला किती, पोस्ट-प्रॉडक्शनला किती, डिजिटल प्रिंटची फी किती, थेटरातून परत किती आले, कधी आले. आणि शुक्रवारी परीक्षणात स्टार देता त्याच्या शेजारी जिल्ह्यात कुठे किती वाजता शो आहे तेही द्या, आम्हाला ते तिकिटाच्या ॲपवर शोधावं लागतं आणि सापडेपर्यंत पिक्चर उतरलेला असतो.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा