सातव्या चौकटीतला युवराज

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यात अजून धुगधुगी आहे. चारशे स्पीडचा कृष्णधवल रोल घातला. बारापैकी अकरा फोटो बरे आले. सातव्याचं पुढे सांगते.

काढले काळ्या घोड्याच्या पुतळ्याचे. तुम्ही फोनवर म्हणालात, "सूर्य पाठीशी ठेव, झालं!" नाही झालं. आधीचा अख्खा रोल त्यात गेला. उन्हात काळ्या घोड्याची पाठ नुसती चमकते, पोट कोळसा होतं आणि मान कुठे संपते, आयाळ कुठे सुरू होते, काही कळत नाही. मग रविवारी ढगाळ सकाळी गेले, पार्किंग भरायच्या आत. त्या मऊ उजेडात मानेचे स्नायूसुद्धा दिसले. मागे इमारती नकोत, फिकं आभाळच हवं, म्हणून फुटपाथवर जवळजवळ आडवी झाले. एक आजोबा धावत आले, "चक्कर आली का गं?"

हा घोडा २०१७ चा, श्रीहरी भोसल्यांनी घडवलेला, पाठीवर कुणी नसलेला. तुमच्या लहानपणीचा तो युवराजवाला, अल्बर्ट ससूननी १८७९ मध्ये शहराला दिलेला. १९६५ ला तो हलवला, तरी कंडक्टर 'काळा घोडा'च ओरडायचे, असं तुम्हीच सांगायचात. म्हणून त्यालाही राणीच्या बागेत भेटून आले. (आधी बुधवारी गेले होते. बाग बंद! आई, हस आता.)

आणि तिथेच घोटाळा झाला. काळ्या घोड्याला सातवा काढून रोल फिरवायचा राहिला. बागेत त्याच चौकटीवर पुन्हा क्लिक. आता नव्या घोड्याच्या शेपटीतून तो युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, कमरेपर्यंत वर आलाय. "आधी रोल फिरव, मग कॅमेरा खाली ठेव," हे तुमचं ओरडणं कानात होतं, पण उशिरा.

आई, तुझ्या मोठ्या परातीत बर्फ भरून फिल्म धुवायच्या डेव्हलपरची बाटली ठेवली होती. इथलं नळाचं पाणी वीस अंशांवर कधी येणार! रसायन परातीला लागलेलं नाही, शप्पथ. तरी पुरणाला दुसरी घे.

चार प्रिंट सोबत पाठवतेय, सातवाही आहे. तो मी फाडणार होते.

बाबा, कॅमेऱ्याच्या मागच्या लाल काचेवरची काळी चिकटपट्टी तुम्हीच लावलेली ना? पार सुटत आलीय. नवी लावू?

तुमची,
धाकटी