इंजेक्शन मी का थांबवणार नाही

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, ते इंजेक्शन बंद कर, प्रतिकारशक्ती मारतं ते." तुझा आवाज इतका कातर झाला होता की मी "बघू" म्हणून विषय टाळला. तसं करायला नको होतं. सांध्यांच्या आजारासाठी घेते ते इंजेक्शन मी बंद करणार नाही, आणि का, ते तुला नीट कळायला हवं.

तू चौथीत होतीस तेव्हाचं आठवतं का? तुझी वेणी घालताना माझ्या बोटांतून पेड सुटायचे आणि मी तुलाच "हलू नकोस" म्हणून रागवायचे. तू हलत नव्हतीस गं. सकाळी तास-दीड तास माझी मूठच वळायची नाही. नळसुद्धा तळहाताने ढकलून उघडायचे. पहिल्या डॉक्टरांनी वयाचं दुखणं ठरवून वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि त्यात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत सांध्यांजवळचं जे हाड झिजलं ते परत आलं नाही. माझी दोन बोटं तिरकी आहेत ती तेव्हाची.

मग आमवाताचं निदान झालं आणि टीएनएफ हे नाव माझ्या आयुष्यात आलं. पूर्ण नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. हे एक सायटोकाइन, म्हणजे एका पेशीने दुसऱ्या पेशींना धाडलेला निरोप. जंतू शिरला की मॅक्रोफेज नावाच्या पेशी तो सोडतात. त्याने रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चिकट होतं, वाहत्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि बाहेर पडून कामाला लागतात. ताप येतो, सूज येते. जखम बरी होताना हे सगळं शांत होतं. माझ्या सांध्यांत ते शांतच होत नाही. जंतू नसतो, तरी निरोप जात राहतात. सांध्याच्या आतलं पातळ अस्तर जाड होत कूर्चेवर चढतं, तिला विरघळवणारी विकरं सोडतं, आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना जागं करतं.

या रेणूचं नाव कर्करोगाच्या संशोधनातून आलं. 1975 मध्ये लॉइड ओल्ड यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठी मारणारा घटक म्हणून त्याचं वर्णन झालं. दुसरीकडे काही संशोधक दीर्घ आजारात शरीर खंगवणारा पदार्थ शोधत होते आणि त्याला कॅकेक्टिन म्हणत होते. 1985 मध्ये कळलं की दोन्ही एकच. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. माझं उतरलेलं वजन, दुपारीच संपून जाणारं अंग, हे आळसाचं किंवा मनाचं नव्हतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी केलेलं काम. सुजलेल्या सांध्यात एक नाही, अनेक सायटोकाइन सापडतात. त्यामुळे एकाला अडवून काय होणार, बाकीचे आहेतच, असं बहुतेकांना वाटत होतं. या दोघांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी बशीत वाढवल्या आणि फक्त टीएनएफ अडवला. तर इंटरल्यूकिन-1 हे दुसरं सायटोकाइनसुद्धा खाली आलं! म्हणजे ही उतरंड होती आणि टीएनएफ हे तिच्या तळाचं मडकं. 1989 मध्ये ते प्रसिद्ध झालं, 1992 मध्ये वीस रुग्णांवर पहिली चाचणी सुरू झाली. त्यांची सूज उतरली. मी दर पंधरवड्याला घेते ते इंजेक्शन टीएनएफ अडवणारंच आहे, त्याच वाटेने आलेलं.

आता तुझी भीती. ती खोटी नाही, पण "मारतं" हा शब्द बरोबर नाही. औषध एक निरोप अडवतं, बाकीची फौज जागेवर असते. मात्र त्या एका निरोपावर काही कामं फार अवलंबून आहेत. क्षयाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षं गाठींच्या आत कोंडलेले राहू शकतात, आणि ती कोंडी टिकवायला टीएनएफ लागतो. तो अडवला तर झोपलेला क्षय उठू शकतो. म्हणूनच सुरुवातीला माझी क्षयाची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झाला. जिवंत जंतूंची लस मी घेत नाही. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवते आणि त्यांनी सांगेपर्यंत डोस पुढे ढकलते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्यांना हे औषध देत नाहीत, त्यांचा आजार वाढू शकतो. सगळ्यांना गुणही येत नाही. मला आला. हे पत्र मी हाताने लिहिलंय, सई, अक्षर बघ.

एक विचारायचं राहिलं. मागच्या महिन्यात तुझं मनगट दुखतंय म्हणालीस. कामाने असेल. पण आई-वडिलांना हा आजार असला की मुलांना तो होण्याची शक्यता थोडी वाढते, आणि सिगारेटने आणखी वाढते. सकाळी उठल्यावर मनगट आखडतं का, किती वेळ, दुसऱ्या हाताचंही दुखतं का, सांध्यावर सूज दिसते का, ते मला लिहून कळव. अर्धा-पाऊण तास आखडत असेल तर माझ्यासारखे आठ महिने घालवू नकोस, थेट संधिवाततज्ज्ञांची वेळ घे. मी बरोबर येते.

तुझी,
आई