श्रावणाआधी माडीचं मागचं दार उघडायचं आहे

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि पुण्या-मुंबईला असलेल्या मंडळींना नमस्कार.

आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर दर आठवड्याला दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेची, म्हणजे एएची, सभा भरवायचं ठरलं आहे. गावातले काही जण सध्या त्यासाठी साताऱ्याला जातात. सभा संध्याकाळची. ती उरकेपर्यंत आपल्याकडची शेवटची एसटी गेलेली असते. स्वतःची गाडी असेल तो टिकतो. वडापच्या भरवशावर असलेल्याचा एक आठवडा चुकतो, मग दुसरा, आणि तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा गुत्त्यावर दिसतो. घरचे म्हणतात, याच्या मनातच नाही. मनात असतं हो, जायची-यायची सोय नसते.

ही सभा म्हणजे व्याख्यान नव्हे. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात. एक जण नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही. फी नाही, हजेरीपट नाही, जातधर्माची चौकशी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअर बाजारातला एक गृहस्थ आणि एक सर्जन, दोघेही दारूने पार खचलेले, एकमेकांच्या आधाराने बाहेर पडले, तिथून हे सुरू झालं. मध्येच कोणी प्यायला, तरी त्याला पुढच्या सभेचं दार बंद होत नाही. 'स्लिप झाली' म्हणतात आणि पुन्हा बसवून घेतात. आपल्या घराघरांतून इतकी माया उरलेली नसते, आणि त्यात घरच्यांचा दोष नाही. त्यांनी फार सोसलेलं असतं.

देणगीबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. एए बाहेरच्या कोणाकडून पैसे घेत नाही, तसा त्यांचा दंडकच आहे. चहापासून भाड्यापर्यंतचा खर्च त्यांचे सभासद आपापसांत भागवतात. माडीसुद्धा त्यांना फुकट नको, भाडं ते वाचनालयाला देणार आहेत. तेव्हा हे मागणं वाचनालयाचं आहे आणि वाचनालयाच्या माडीसाठी आहे.

माडीचा जिना चौकात उतरतो. समोर पानटपरी, शेजारी दूध डेअरी. संध्याकाळी धारा आटोपल्या की अर्धं गाव किटल्या घेऊन तिथे उभं असतं. त्या सगळ्यांच्या देखत जिना चढणं नव्या माणसाला जड जाईल, बाईला तर अशक्यच. बायकाही पितात, आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून त्यांच्यापर्यंत मदत पोचत नाही. माडीला मागून, शाळेच्या बोळात उतरणारं एक दार आहे. ते कित्येक वर्षं जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे बंद आहे. बिजागऱ्या गंजल्या आहेत, बाहेरच्या दगडी पायऱ्यांना कठडा नाही. नुकती दारू सोडलेल्या माणसाचे हात थरथरतात, पाय लटपटतात, त्याला धरायला काहीतरी हवं. दार, लोखंडी कठडा, वायरिंग, दोन पंखे आणि बोळात एक दिवा, असा मिस्त्रींनी ४०,००० रुपयांच्या आसपास अंदाज दिला आहे. खुर्च्या आणि चहाची मोठी किटली कोणी वस्तुरूपात दिली तरी चालेल. दारावर पाटी लावणार नाही आणि देणगीदारांची नावं माडीवर कोरणार नाही.

पैशांइतकीच माणसंही हवीत. पहिल्यांदा येणाऱ्याला घरून घेऊन दारापर्यंत सोडणारी, आणि कोण आलं होतं ते बाहेर कुठेही न बोलणारी. इथली सभा सुरू होईपर्यंत आठवड्यातून एकदा साताऱ्याला चारचाकी नेईल असं कोणी असेल, तर फारच मोठं काम होईल. दवाखाने, मेडिकल आणि केशकर्तनालयांनी सभेचा वार-वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या गल्ल्यावर ठेवाव्यात.

घाई श्रावणासाठी आहे. गटारी झाली की गावातली कितीतरी माणसं महिनाभर बाटलीला शिवत नाहीत. घरात हसणं-बोलणं सुरू होतं, पोरं बापाजवळ बसतात. पुढे श्रावण सुटतो आणि सगळं मागे पडतं. तो महिना सरायच्या आत माणूस एकदा तरी सभेला येऊन बसावा, ही आमची धडपड आहे.

मात्र सकाळी उठल्याउठल्या घेतल्याशिवाय ज्याला उभं राहवत नाही, त्याने श्रावणाच्या निमित्तानेही एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, उपचार न मिळाल्यास जिवावर बेततं. आपल्याकडे अशा वेळी बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जातो. तसं करू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. सभा डॉक्टरांची जागा घेत नाही. तसंच, न सांगता जेवणात कालवायच्या गोळ्या आणि पुड्या कृपया आणू नका. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर माणूस प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं, काहीही होऊ शकतं. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला सांगूनच द्यायचं असतं. दाखल करायची वेळ आली तर साताऱ्यात 'परिवर्तन' आणि पुण्यात १९८६ पासूनचं 'मुक्तांगण' ही व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत आहेत.

ज्यांच्या घरात कोणी पितं, त्या बायकांसाठी बचत गटाच्या ताई त्याच वेळी खालच्या वाचनकक्षात बसतील. नवरा माडीवर येवो न येवो, तुम्ही या.

देणगी आषाढी एकादशीपर्यंत वाचनालयात संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत ग्रंथपालांकडे द्यावी आणि पावती जरूर घ्यावी. बाहेरगावच्या मंडळींनी घरच्यांच्या हाती पाठवली तरी चालेल. खर्चाचा हिशेब फलकावर लावू. सोबत करायला तयार असणाऱ्यांनी मात्र वहीत नाव न लिहिता कार्यकारिणीतल्या कोणालाही समक्ष भेटावं.

आपले,
अध्यक्ष व कार्यकारिणी,
सार्वजनिक वाचनालय