पुस्तक एक, माणसं बारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांची परीक्षणं तुमच्या पेपरात येतायत, छान असतात, पण अंक वाचून झाल्यावर त्यावर बोलायचं कोणाशी हा प्रश्न राहतोच. घरात कोणाला वेळ नाही आणि व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकल्या तर नुसता अंगठा येतो, त्या माणसाने कथा वाचलीय का माझा मेसेज तरी वाचलाय का तेसुद्धा कळत नाही.

मागच्या डिसेंबरात आमच्या इथल्या (नाशिक) सार्वजनिक वाचनालयात अंक बदलायला गेलो होतो. आतल्या खोलीत आठ-दहा जण शाली, कानटोप्या घालून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले आणि एका कथेवरून जोरदार जुंपलेली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, बसा ना काका पाच मिनिटं. बसलो तो शिपायाने किल्ल्या वाजवेपर्यंत बसलो. ती कथा मी वाचलेली नव्हती आणि तसं कोणी विचारलंही नाही. तेव्हापासून जातोय.

लोक यायला बिचकतात ते याचमुळे, की आपण काही अभ्यासक नाही, पुस्तक अर्धंच झालंय, तिथे काय बोलणार. अहो आमच्यात सगळ्यात नेमकं बोलते ती वरच्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारी मुलगी, चहाच्या ब्रेकमध्ये खाली येते, दहा मिनिटांत आमच्या निवृत्त मास्तरांचं अर्ध्या तासाचं भाषण खोडून परत अभ्यासाला जाते. दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले शेतकरी येतात, ते मात्र डिसेंबरपर्यंतच, नंतर बागेत माल काढायची गडबड.

खरी अडचण वेगळीच आहे. वाचनालयात पुस्तकाची प्रत असते एक आणि गटात माणसं बारा, मग महिन्यात सगळ्यांनी ते वाचायचं कसं? विकत घ्या म्हटलं की निम्मे लोक गळतात. म्हणून आम्ही एक पुस्तक ठरवायचं सोडूनच दिलं. लेखक ठरवतो किंवा विषय ठरवतो, ज्याला जे मिळेल ते त्याने वाचून यायचं. आणि थंडीत तर प्रश्नच नाही कारण दिवाळी अंक असतात, वाचनालयाच्या योजनेत एकदा पैसे भरले की अंक बदलून बदलून वाचता येतात, एक कथा फार तर तासाभराचं काम. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही चैन मराठी माणसाला आहे, पण आपण ती एकेकटेच करतो. (हे मित्र मूळचे आजगावकर बरं का, बंगालीच्या प्रेमापोटी मित्र झाले.)

आता थोडी तक्रार. आमचं वाचनालय संध्याकाळी साडेसातला बंद होतं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून सुटून ट्रॅफिकमधून येणारा माणूस पोचेपर्यंत शटर खाली. त्यात नेमक्या नोव्हेंबर ते जानेवारीत हॉल साड्यांच्या सेलला दिलेला असतो, मग आम्ही मासिकांच्या कपाटाजवळ खुर्च्या ओढून बसतो, कुजबुजत. सेलचं भाडं का लागतं ते कळतं मला, शासनाचं अनुदान अ ब क ड वर्गानुसार ठरलेलं, त्यातूनच पुस्तकं आणि त्यातूनच पगार, कर्मचाऱ्यांच्या हातात काय पडतं ते त्यांनाच विचारा. पण शनिवारचे दोन तास हॉल मोकळा ठेवा आणि थंडीचे तीन-चार महिने आठवड्यातून एक दिवस नऊपर्यंत उघडं ठेवा, एवढं मागणं जास्त नसावं. जास्तीच्या वेळेचे पैसे शिपायाला द्यायला आम्ही वर्गणी काढू.

१४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, तेव्हा नारळ, शाल, प्रमुख पाहुणे आणि माईकची खरखर सगळीकडे होते. त्या खर्चात वर्षभराचा चहा निघेल आमचा. ज्या शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे तिथे पुस्तकावर बोलायला जागा शोधावी लागते, याचं वाईट वाटतं.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या 'आजचे कार्यक्रम' मध्ये व्याख्यानं, भजनं, वधूवर मेळावे सगळं येतं. वाचनालयांमधले असे गट कुठे, किती वाजता बसतात तेही दर शुक्रवारी दोन ओळींत द्या. पेठेतल्या एका वाचनालयातही असाच गट चालतो हे मला वर्षभराने कळलं, तेही केस कापायला बसलो असताना.

आपला,
एक वाचक, नाशिक