फॉरवर्डर निवडताना दराआधी विचारायचे प्रश्न

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर छाटणी आटोपली की पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी या आमच्या पट्ट्यात निर्यातीचे बोलणे सुरू होते आणि त्याबरोबर फॉरवर्डर, म्हणजे माल परदेशी पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या मंडळींचे फोनही येऊ लागतात. न्हावा-शेवा ते रॉटरडॅम एका रीफर (शीत) कंटेनरचा दर काय, एवढ्या एकाच आकड्यावर बहुतेक बुकिंग ठरतात. मी स्वतः बरीच वर्षे असेच केले. छोट्या निर्यातदाराचे सर्वांत मोठे नुकसान याच सवयीमुळे होते, अशी माझी आता खात्री झाली आहे आणि आपल्या दैनिकाचा वाचक मोठ्या प्रमाणावर बागायतदार असल्याने हे सविस्तर लिहीत आहे.

२०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडल्याने युरोपात आपली द्राक्षे अडकली, ते दिवस जुन्या बागायतदारांना आठवत असतील. त्या धक्क्यातून आपण पुष्कळ शिकलो. ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या ऑनलाइन प्रणालीवर प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, काढणीपूर्व नमुन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल या गोष्टी आता कोणालाही सांगाव्या लागत नाहीत. बागेच्या बाबतीत इतका काटेकोर झालेला शेतकरी माल पॅकहाऊसच्या दारातून बाहेर पडला की मात्र तो कोणाच्या हवाली केला, कोणत्या अटींवर केला, हे कागदावर पाहत नाही. चार महिने पोटच्या पोरासारखा जपलेला घड आपण एका व्हॉट्सॲपवरच्या दरावर सोपवून मोकळे होतो.

माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. काही हंगामांपूर्वी मार्च महिन्यात थॉमसन जातीच्या द्राक्षांचा एक कंटेनर मी सर्वांत कमी दर देणाऱ्या फॉरवर्डरमार्फत पाठवला. काढणीनंतर काही तासांतच माल प्री-कूलिंगमध्ये गेला होता, पेट्यांमध्ये बुरशी रोखणारे सल्फर डायऑक्साइडचे पॅड बसवले होते आणि दार बंद करताना मण्याचे तापमान शून्याच्या आसपास होते. ते मी स्वतः तापमापकाचा काटा टोचून पाहिले होते. कंटेनर रॉटरडॅमला उघडला तेव्हा खरेदीदाराने पाठवलेल्या छायाचित्रांत देठ तपकिरी पडलेले होते, मणीगळ झाली होती आणि खालच्या थरांत बुरशी धरली होती. सुदैवाने दोन पॅलेटमध्ये तापमान नोंदवणारे डेटा लॉगर ठेवले होते. त्यांचा आलेख काढला तर निघालेल्या रात्रीच अकराच्या सुमारास रेषा वर चढू लागली होती, पहाटे पाच वाजता ती नऊ अंशांवर गेली होती आणि बंदरात प्लग लागल्यावर पुन्हा खाली आली होती. याचा अर्थ जहाज लागण्यापूर्वीच, पिंपळगावहून कसारा घाट उतरून न्हावा-शेव्याच्या रांगेपर्यंतच्या सव्वादोनशे किलोमीटरच्या रस्त्यात कुठेतरी ट्रेलरवरचा जेनसेट, म्हणजे कंटेनर थंड ठेवणारा डिझेल जनरेटर, बंद होता. डिझेल संपले की वाचवले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या अधिक लक्षात आहेत. फॉरवर्डर म्हणाला, ट्रेलर आमचा नाही, तो बाहेरचा लावला होता. ट्रेलरवाला म्हणाला, रांग लांब होती. शिपिंग लाइनने, म्हणजे जहाज कंपनीने, कळवले की कंटेनर आमच्या ताब्यात आला तेव्हा वरून सुस्थितीत होता. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्वेअरला तिकडे वेळेवर बोलवायला हवे होते, त्यासाठी फॉरवर्डरचा रॉटरडॅममधला माणूस फोनच उचलेना. मग मी हाती असलेले हाऊस बिल ऑफ लेडिंग, म्हणजे फॉरवर्डरने दिलेला माल वाहतुकीचा दस्तऐवज, प्रथमच शांतपणे वाचला. सहीखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘केवळ एजंट म्हणून’. ज्याला मी माल सोपवला असे समजत होतो, त्याने तो कधी स्वतःच्या जबाबदारीवर स्वीकारलेलाच नव्हता.

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. समुद्री वाहतुकीचा कायदा मुख्यतः माल जहाजावर चढल्यापासून उतरेपर्यंतचा आहे. संसदेने २०२५ मध्ये १९२५ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला, तरी ही चौकट तीच आहे. आपले नुकसान मात्र अनेकदा रस्त्यावर, यार्डात किंवा रांगेत होते. दारापासून पोहोचेपर्यंतची जबाबदारी एकाच्या अंगावर हवी असेल तर त्यासाठी १९९३ चा मल्टिमोडल (एकाहून अधिक मार्गांनी होणाऱ्या) वाहतुकीचा कायदा आहे. त्याखाली नौवहन महासंचालनालयाकडे नोंदणी केलेला व्यावसायिक आपला दस्तऐवज देतो, तेव्हा माल ताब्यात घेतल्यापासून तो सुपूर्द करेपर्यंत तोच उत्तरदायी असतो. म्हणून दर विचारण्याआधी पहिला प्रश्न हा विचारावा की, तुम्ही मला कोणता कागद देणार आणि त्यावर सही कोणत्या नात्याने करणार? या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस मी वरच्या दरातही स्वीकारतो. सीमाशुल्काचे काम जो पाहणार त्याचा कस्टम ब्रोकर म्हणून परवाना स्वतःचा आहे की उसना, हेही त्याच बैठकीत विचारावे.

बिल ऑफ लेडिंगवर नुसते ‘एक कंटेनर’ लिहू देऊ नये, पेट्यांची संख्या लिहून घ्यावी, कारण भरपाईची मर्यादा मोजताना बिलावर लिहिलेली नगांची संख्या धरली जाते. समुद्री वाहतुकीच्या कायद्यानुसार वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत द्यावी लागते आणि दावा एका वर्षात लावावा लागतो. आपल्याकडे खरेदीदाराची वजावट कळेपर्यंतच हे तीन दिवस उलटून गेलेले असतात, म्हणून तिकडे फोन उचलणारा माणूस असणे हे दराइतकेच महत्त्वाचे आहे. विम्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. सर्व जोखमींचा म्हणून विकला जाणारा सागरी विमाही नुसत्या उशिरामुळे झालेली हानी भरून देत नाही, हे पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते. नाशवंत मालाला तर उशीर हीच सर्वांत मोठी जोखीम आहे.

उशीर कोणाच्याही हातात नसतो, हे मला मान्य आहे. २०१६ च्या ऑगस्टअखेर हानजिन ही दक्षिण कोरियाची बडी जहाज कंपनी दिवाळखोरीत गेली आणि आपले पैसे मिळणार नाहीत या भीतीने बंदरे तिची जहाजे घेईनात. लोकांचा माल समुद्रातच अडकला. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे राहिले. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर शिपिंग लाइन आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागल्या आणि युरोपचा प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. अशा वेळी फॉरवर्डरची खरी पारख होते. त्या हंगामात मी नव्या माणसाकडे काम दिले होते. त्याचा दर कंटेनरमागे काही हजारांनी जास्त होता आणि घरात त्यावरून बोलणीही झाली होती. माझी काढणी ठरण्याच्या आठ दिवस आधी त्याने आपणहून फोन केला आणि सांगितले, “साहेब, जहाज वळसा घेऊन जाणार आहे. नाजूक प्लॉट या फेरीत घालू नका, कडक मण्याचाच माल भरा आणि पॅड जास्त दिवसांचे वापरा.” वाढीव आकार किती लागेल हे त्याने त्याच संध्याकाळी लेखी कळवले. माल उशिरा पोहोचला, भाव थोडा पडला, पण पेट्या विकल्या गेल्या. वाईट बातमी वेळेवर देणारा माणूस किती मोलाचा असतो, हे मला त्या फोनमुळे समजले.

तेव्हापासून मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून एकच गोष्ट विचारतो: तुमचा माल अडकला तेव्हा या माणसाने पहिल्या दिवशी काय केले? माहितीपत्रकातील देशांची यादी आणि कार्यालयाची चकचकीत छायाचित्रे यांतून हे कळत नाही. जेनसेटची इंधन-नोंद आणि कंटेनरच्या कंट्रोलरचा तापमान-आलेख मला मिळेल, ट्रेलर दुसऱ्याचा लावला तरी जबाबदारी तुमचीच राहील, कंटेनर किती दिवस विनाशुल्क मिळेल आणि त्यानंतर डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) कोण भरणार, हे मी बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहून घेतो. दोघा फॉरवर्डरांनी लिहून देण्यास नकार दिला. त्यांच्याकडे मी गेलो नाही.

एकट्या छोट्या निर्यातदाराला अशा अटी घालणे जड जाते, कारण हंगामात पाच-सात कंटेनर देणाऱ्याचे कोण ऐकणार? म्हणून महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने आणि आमच्या भागातील शेतकरी उत्पादक कंपन्यांनी सभासदांसाठी एक समान करारनामा तयार करावा आणि तो स्वीकारणाऱ्यांनाच माल द्यावा, अशी माझी विनंती आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना किंवा चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्यांनाही तो थोड्या फरकाने चालेल, कारण लोखंड सडत नसले तरी उशिराचा दंड त्यांनाही बसतोच.

आपल्याकडे एक विनंती आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात आपण लासलगाव-पिंपळगावचे बाजारभाव रोज छापता, त्यांच्या शेजारी न्हावा-शेव्याहून युरोपला सुटणाऱ्या जहाजांच्या तारखा, बंदरात माल देण्याची अंतिम वेळ आणि रद्द झालेल्या फेऱ्या यांना चार ओळींची जागा द्यावी. काढणीची मजूर टोळी आम्हाला दोन दिवस आधी सांगावी लागते आणि जहाज चुकल्याचे आज अनेकांना कळते ते पेट्या भरून झाल्यावर.

आपला विश्वासू,
एक द्राक्ष निर्यातदार,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक